मरायाह कॅरीचा 'ग्लिटर' खरंच ९/११ मुळे आपटला का?

माळ्यावरची_कॅसेट
मंडळी, वाद तसा घरगुती आहे पण आता पैजेपर्यंत गेलाय म्हणून इथे टाकतोय. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक बुटांचा खोका निघाला, आत पन्नासेक कॅसेट, निम्म्यांना बुरशी, आणि त्यात अमेरिकन गायिका मरायाह कॅरीची 'ग्लिटर'. कॉलेजात असताना काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधून घेतलेली. तेव्हा इंग्रजी कॅसेट सव्वाशे रुपयांना पडायची आणि मला महिन्याला दोनशे मिळायचे, म्हणजे उरलेला महिना वडापाववर काढला असणार. आणि एवढं करून कॅसेट काही फार वाजली नाही, दोन गाणी सोडली तर मला तेव्हाही बोअर झाली होती.

तर मेहुणा जेवायला आलेला, त्याने ती कॅसेट हातात घेतली आणि हळहळत म्हणतो, बिचारीचं नशीबच फुटकं, नेमका ११ सप्टेंबर २००१ ला अल्बम आला, दुसऱ्या कुठल्याही दिवशी आला असता तर धो धो चालला असता. मी म्हटलं हे निमित्त आहे, अल्बमच ढिसाळ होता. मग जे सुरू झालं ते बायकोने दोघांना भांडी घासायला लावेपर्यंत चाललं. पैज मामलेदारच्या मिसळीची आहे.

मरायाह स्वतःही नंतर मुलाखतींमधून तारखेलाच दोष देत आलीये असं वाचलंय. तर प्रश्न असा, की रिलीजच्या तारखेने अल्बमच्या धंद्यावर खरंच एवढा फरक पडतो का, की पडलेल्या अल्बमला हे आयतं कारण मिळतं? आणि माल चांगला होता पण फक्त दिवस वाईट निघाला असं एखादं पक्कं उदाहरण आहे का कुणाकडे? तेव्हा अमेरिकेत असलेले किंवा कॅसेट-सीडीच्या धंद्यातले कुणी असतील तर प्लीज लिहा.

जर्सीतला_बाळू
हात वर. मी तेव्हा जर्सी सिटीत होतो, एच वन व्हिसावर नवीन नवीन गेलेला, चार पोरं मिळून दोन बेडरूमच्या घरात राहायचो आणि भाताचा कुकर कुणी लावायचा यावर रोज भांडायचो. एक्सचेंज प्लेसला पाथ ट्रेनमध्ये बसलं की नदीखालून पुढचंच स्टेशन वर्ल्ड ट्रेड सेंटर, म्हणजे आमच्यासाठी ते टॉवर टीव्हीवरचे नव्हते, रोज सकाळी चहाच्या कपासोबत दिसायचे. त्या दिवसाबद्दल जास्त लिहीत नाही, पंचवीस वर्षांनंतरही जमत नाही.

गाण्यांपुरतं सांगतो. तेव्हा अमेरिकेत नवीन सीडी मंगळवारी यायच्या, आणि ११ सप्टेंबर मंगळवारच होता. आमच्यातला एक पुण्याचा पोरगा, मेटलचा वेडा, तो तर वार बघूनच जगायचा. त्याला त्या दिवशी ड्रीम थिएटरचा लाइव्ह अल्बम घ्यायचा होता, न्यूयॉर्कमध्येच रेकॉर्ड केलेला. त्याच्या कव्हरवर काय होतं माहितीये? जळतं सफरचंद आणि त्याच्यावर न्यूयॉर्कची स्कायलाइन ज्वाळांमध्ये, दोन्ही टॉवरसकट. महिनोन्‌महिने आधी छापलेलं, कुणाच्या ध्यानीमनी नाही, आणि नेमक्या त्याच दिवशी दुकानात. अर्थातच परत मागवला आणि नंतर कव्हर बदलून काढला. आमचा पुणेकर शनिवारी मॉलमध्ये गेला तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ती आम्ही सगळी खोक्यात भरून मागे ठेवलीयेत, दाखवूसुद्धा शकत नाही. तो अजून हळहळतो, पहिल्या कव्हरची कॉपी कलेक्टर लोक शोधत असतात म्हणे.

त्या शनिवारचा मॉल मला लख्ख आठवतोय. दुकान उघडं होतं, नव्या सीडींचा स्टँड दारातच, त्यावर मरायाहचा पुठ्ठ्याचा मोठा फोटो चमचम करत उभा, आणि आत चार माणसं. बाहेर मात्र एका टेबलावर झेंडे आणि मेणबत्त्या विकत होते तिथे रांग. टीव्हीवर दिवसरात्र फक्त बातम्या, जाहिराती नाहीत, एमटीव्हीवरसुद्धा सीबीएसच्या बातम्या लावून ठेवलेल्या. विमानं बंद. रात्रीचे गप्पांचे शो बंद, म्हणजे ज्या सोफ्यावर बसून गायक लोक अल्बमची जाहिरात करतात तो सोफाच उचलून नेलेला. चमकीचा ड्रेस घालून नाचायला कोण येणार होतं आणि बघणार कोण होतं?

त्यामुळे मेहुण्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे असं माझं मत. पण एक कबूल करतो, त्याच महिन्यात मी स्वतः निकलबॅक या रॉक बँडची सीडी घेतली, कारण कारपूलवाल्याच्या गाडीत रेडिओवर एकच गाणं दर तासाला लागायचं आणि शेवटी ते डोक्यात बसलं. ती सीडी कधी रिलीज झालेली ते मला खूप नंतर कळलं.

आकडेमोड
बाळू, तू शेवटच्या ओळीत स्वतःचीच केस हरलास :) निकलबॅकचा 'सिल्व्हर साइड अप' ११ सप्टेंबरलाच आला होता.

आता जरा नीट मांडतो, ऑफिसात आज सर्व्हर डाऊन आहे त्यामुळे वेळच वेळ आहे. कुठल्याही गोष्टीचा परिणाम मोजायचा तर तुलना लागते, आणि इथे नशिबाने तुलना आयती आहे कारण त्या एकाच दिवशी ढिगाने अल्बम आले. रॅपर जे-झीचा 'द ब्लूप्रिंट', बॉब डिलनचा 'लव्ह अँड थेफ्ट', निकलबॅक, फॅब्युलस, बेन फोल्ड्स, स्लेयर, दे माइट बी जायंट्स, आणि आपली मरायाह. सगळ्यांना तोच मंगळवार, तीच बंद दुकानं, त्याच बातम्या. तेव्हा साउंडस्कॅन नावाची पद्धत होती, दुकानात बारकोड वाजला की विक्री मोजली जायची आणि आठवडा रविवारी बंद, म्हणजे मंगळवारी आलेल्या अल्बमला पहिल्या आठवड्यात सहाच दिवस मिळायचे, त्यातला पहिला दिवस हा.

तरी जे-झीच्या चार लाखांवर कॉप्या गेल्या आणि तो एक नंबरला. गंमत म्हणजे त्याची तारीख मुळात १८ सप्टेंबर होती, चोरट्या कॉप्या बाजारात येतील म्हणून आठवडाभर आधी ओढली, म्हणजे वाईट दिवशी तो स्वतःच्या पायाने चालत गेला आणि तरी जिंकला. साठीच्या डिलनबाबांचा अल्बम पाच नंबरला आला. आणि मरायाहचा? सात नंबर, १ लाख १६ हजार. तिच्या आधीच्या 'रेनबो'चा पहिला आठवडा ३ लाख २३ हजारांचा होता.

आता कुणी म्हणेल जे-झीचा श्रोता वेगळा, तिचा वेगळा. मान्य. पण त्याहून मोठी गोष्ट ही की ११ सप्टेंबर ही 'ग्लिटर'ची मूळ तारीख नव्हतीच! अल्बम यायचा होता २१ ऑगस्टला. जुलैत मरायाह एमटीव्हीच्या कार्यक्रमात आइस्क्रीमची गाडी ढकलत अचानक घुसली, वागणं जरा विचित्र वाटलं, पेपरवाल्यांना खाद्य मिळालं, आणि थोड्याच दिवसांत ती अतिश्रमाने हॉस्पिटलात. म्हणून अल्बम तीन आठवडे पुढे गेला आणि सिनेमा २१ सप्टेंबरला. म्हणजे तारीख वाईट निघाली ते खरं, पण गाडी आधीच रुळावरून उतरलेली होती म्हणून ती त्या तारखेला जाऊन पोचली. 'लव्हरबॉय' हे पहिलं गाणं चार्टवर दोन नंबरपर्यंत चढलं पण ते सिंगलच्या विक्रीच्या जोरावर, रेडिओवाल्यांनी काही फार उचललं नव्हतं. त्यात त्या गाण्याचं मूळ सॅम्पल, म्हणजे जुन्या गाण्यातून उचललेला तुकडा, जेनिफर लोपेझच्या गाण्यात आधी वाजलं म्हणून ऐन वेळी बदलावं लागलं, त्या भांडणाचा वेगळा धागा काढावा लागेल.

माझ्या मते खरा मुद्दा इथे आहे. अल्बम कशाच्या खांद्यावर उभा आहे ते बघा. निकलबॅकचं गाणं हल्ल्याच्या आधीपासून रेडिओवर वाजत होतं आणि रेडिओ काही बंद पडला नाही, लोक गाडीत बसले की ऐकतच होते. जे-झीचा श्रोता ठरलेला, तो येणारच. 'ग्लिटर' मात्र सिनेमाचा साउंडट्रॅक, म्हणजे त्याचा सगळा भार पुढच्या दहा दिवसांवर, टीव्हीवर मुलाखती, मग प्रीमियर, मग सिनेमा, मग सिनेमा बघून बाहेर पडलेला माणूस सीडी घेणार. एक कडी तुटली की पुढचं सगळं गळालं. सिनेमाला खर्च सव्वादोन कोटी डॉलरच्या घरात आणि अमेरिकेत कमाई पन्नास लाखांच्याही आत. समीक्षकांनी तर सोलूनच काढला. त्या सिनेमाला कुठली तारीख वाचवणार होती?

शेवट तुम्हाला माहीतच असेल, २००२ च्या जानेवारीत रेकॉर्ड कंपनीने तिला २ कोटी ८० लाख डॉलर देऊन करार मोडला. घरी बसायचे पैसे! आणि २००५ मध्ये 'द इमॅन्सिपेशन ऑफ मिमी' आला, पहिल्याच आठवड्यात चार लाखांवर, त्या वर्षीचा अमेरिकेतला सगळ्यात जास्त खपलेला अल्बम.

माझा कौल: तारखेने 'ग्लिटर'चा पहिला आठवडा खाल्ला असेल. बाकी जे झालं ते सिनेमाने केलं. मिसळ मेहुण्याकडून.

पार्ल्याची_मिनी
पॅनिक होऊ नका, पण मी जुनं पंचांग काढून बघितलं. २००१ ला गणपती २२ ऑगस्टला बसले होते आणि ११ सप्टेंबर भर पितृपक्षात येतो. आई म्हणते, पितृपक्षात नवीन वस्तू बाजारात आणा म्हणून कुणी सांगितलं होतं 😄

आकडेमोड
मिनीताई, जे-झीचाही पितृपक्षातच आला होता.

पार्ल्याची_मिनी
त्याच्या घरी पान व्यवस्थित वाढलं असेल.

तबकडी_६३
काय मस्त धागा निघालाय. मी सत्तरीकडे झुकलेलो माणूस, मरायाहबाईंचं मला फारसं कळत नाही, पण मूळ लेखकाने जे विचारलंय, माल चांगला आणि दिवस वाईट, त्याचं उदाहरण माझ्या कपाटात आहे. आयडीतला ६३ त्याचाच.

२२ नोव्हेंबर १९६३, शुक्रवार. त्या दिवशी अमेरिकेत संगीत निर्माता फिल स्पेक्टरच्या फिलीज कंपनीचा ख्रिसमसच्या गाण्यांचा अल्बम बाजारात आला. रॉनेट्स, क्रिस्टल्स, डार्लीन लव्ह, बॉब बी सॉक्स, सगळी कंपनीची पोरंपोरी त्यात. स्पेक्टर म्हणजे तेव्हा तेविशीतला पोरगा आणि एकामागोमाग एक हिट देत होता. पंधरा-वीस वादक एका छोट्या खोलीत कोंबून सगळ्यांना एकदम वाजवायला लावायचं आणि तो सगळा आवाज प्रतिध्वनीच्या खोलीतून फिरवून भिंतीसारखा अंगावर आणायचा अशी त्याची पद्धत. हा अल्बम लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत ऐन उन्हाळ्यात रेकॉर्ड केला, बाहेर घामाच्या धारा आणि आत बर्फाच्या घसरगाडीची गाणी. एकदा हेडफोन लावून डार्लीन लव्हचं 'ख्रिसमस, बेबी प्लीज कम होम' ऐका, शेवटाकडे ती ज्या जीव तोडून हाका मारते तिथे माझ्या अजून अंगावर काटा येतो आणि मी तर सदाशिव पेठेतला कोकणस्थ, मला ख्रिसमसचं काय.

तर त्याच दिवशी दुपारी डॅलसमध्ये केनेडींना गोळ्या घातल्या. देश सुतकात गेला. आणि इथेच 'ग्लिटर'हून वेगळी गोष्ट आहे बघा, मरायाहच्या अल्बमला निदान पुढे ऑक्टोबर होता, नोव्हेंबर होता, अल्बम दमदार असता तर वर आला असता. ख्रिसमसच्या अल्बमचं आयुष्यच मुळी महिन्याभराचं. २५ डिसेंबर उलटला की तो माल म्हणजे अनंत चतुर्दशीनंतरचे मोदक. रडणाऱ्या माणसांना घंटानाद आणि घसरगाडी कोण विकणार, अल्बम पडला. स्पेक्टरची तेव्हाची चलती बघता असा माल पडायचं दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

पण ख्रिसमस दर वर्षी येतो ही दुसरी बाजू. १९७२ मध्ये बीटल्सच्या अ‍ॅपल कंपनीने तो परत काढला आणि तिथून हळूहळू लोकांच्या कानावर गेला. डार्लीन लव्ह १९८६ पासून २०१४ पर्यंत डेव्हिड लेटरमनच्या शोवर ख्रिसमसला तेच गाणं म्हणायची, जवळजवळ दर वर्षी, देवाला नैवेद्य दाखवावा तसं. रॉनेट्सचं 'स्ले राइड' तर साठ वर्षांनी अमेरिकेच्या टॉप टेनमध्ये गेलं. आज कुठल्याही जाणकाराला विचारा, ख्रिसमसच्या अल्बमांत हा पहिल्या दोन-तीनात येतो. स्पेक्टर पुढे खुनाच्या गुन्ह्यात २००९ ला दोषी ठरला आणि तुरुंगात असतानाच २०२१ ला गेला, त्यामुळे त्याचं नाव घेताना तोंड कडू होतं, पण गाणी त्या पोरींनी गायलीयेत हे विसरू नये.

आता आकडेमोड यांच्या तुलनेसाठी. त्याच २२ नोव्हेंबरला इंग्लंडमध्ये 'विथ द बीटल्स' आला. २१ आठवडे एक नंबरला बसून होता! म्हणजे तारीख तीच, पण समुद्र ओलांडला की सुतकाची धार कमी.

आणि सगळ्यात दुर्दैवी माणूस तर या दोघांतला कुणी नाहीच. व्हॉन मीडर म्हणून एक नकलाकार होता, केनेडींचा आवाज हुबेहूब काढायचा. १९६२ च्या नोव्हेंबरात त्याचा 'द फर्स्ट फॅमिली' हा विनोदी अल्बम आला, केनेडी कुटुंबाची हलकीफुलकी टिंगल. पंचाहत्तर लाख कॉप्या गेल्या, ग्रॅमीचा वर्षातला सर्वोत्तम अल्बम तो ठरला. रेकॉर्डिंगची रात्र कुठली तर २२ ऑक्टोबर, ज्या रात्री खरे केनेडी क्यूबातल्या क्षेपणास्त्रांबद्दल टीव्हीवर बोलत होते, समोर बसून हसणाऱ्या प्रेक्षकांना त्याचा पत्ताच नव्हता. त्यांना कळलं असतं तर एक माणूस हसला नसता आणि अल्बमच झाला नसता. म्हणजे तारखेने त्याला आधी तारलं. आणि वर्षभराने त्या गोळ्यांनी त्याचा धंदा एका दुपारीत संपला, दुकानांतून अल्बम उचलले गेले, आणि मीडरला पुढे कुणी उभं केलं नाही. त्याची एक कॉपी मला चोर बाजारात पन्नास रुपयांत मिळाली होती, तबकडीवर एक ओरखडा नाही. कुणीतरी घेतली आणि नंतर लावलीच नसावी.

माळ्यावरची_कॅसेट
काका, दंडवत. हेच हवं होतं.

कॅसेट_गल्ली
तबकडीकाकांनी मोदकाचं उदाहरण दिलं म्हणून लिहितो. आमचं दादरला कॅसेटचं दुकान होतं, वडिलांनी टाकलेलं, मग सीडी आल्या, मग मोबाइल आले आणि आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. आमच्या धंद्यात तारीख हाच सगळा धंदा. गणपतीची नवीन कॅसेट चतुर्थीच्या निदान तीन-चार आठवडे आधी फळीवर लागली पाहिजे, कारण मंडळवाले तेव्हा घेतात, मग मांडवात वाजते, मग ती ऐकून घरचे लोक येतात. आठवडाभर उशीर झाला तर मांडवात दुसऱ्याची वाजते आणि तुमची संपली. विसर्जन झालं की न खपलेला माल डिस्ट्रिब्युटरला परत जायचा, आणि तो परतीचा गठ्ठा बघून कंपनी ठरवायची की या गायकाला पुढच्या वर्षी घ्यायचं की नाही. म्हणजे एका चुकलेल्या आठवड्याचे पैसे दोनदा जायचे.

माझ्या एका मित्राची गोष्ट सांगतो, नाव नको. चाली फार गोड लावायचा. नोकरी सांभाळून दोन वर्षं खपून त्याने पावसाच्या गाण्यांची सीडी केली, पीएफमधून पैसे काढून. साल २००५. प्रकाशन ठरलं शनिवारी ३० जुलैला, हॉल बुक, एका नटाला बोलावलेलं. आठशे सीडी कुर्ल्याला एका ओळखीच्याच्या गाळ्यात तळमजल्यावर ठेवलेल्या. आणि मंगळवारी २६ जुलै. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. पुढचं सांगायला नको.

पाणी ओसरल्यावर आम्ही दोघं गेलो होतो. तबकड्यांना काही झालं नव्हतं, प्लॅस्टिकच ते, पण आतला कागद, ज्यावर कवितेच्या ओळी आणि सगळ्यांची नावं छापलेली, तो डबीला चिकटून लगदा झालेला. तो एकेक डबी उघडायचा आणि चिखल पुसून बाजूला ठेवायचा, पन्नासेक उघडल्यावर थांबला. आणि समजा कागद वाचला असता तरी काय, पाऊस या शब्दावर तेव्हा मुंबईत कुणी रोमँटिक व्हायला तयार नव्हतं. आम्ही दुकानात लावली थोडी, एक बाई म्हणाल्या, अहो बंद करा ते, आमच्या घरात अजून चिखल आहे. लगेच श्रावण लागला, गणपती ७ सप्टेंबरला होते, फळी रिकामी करावी लागली.

पुढच्या जूनमध्ये नवीन कागद छापून आम्ही परत काढली. तीनेकशे गेल्या. पण तोवर त्याचा जीव निघून गेला होता त्यातून, दुसरी सीडी त्याने केलीच नाही. स्पेक्टरकडे दुसऱ्या ख्रिसमसपर्यंत थांबायला पैसा होता आणि नाव होतं. बाकीच्यांकडे पीएफ असतो.

जर्सीतला_बाळू
वाचून गप्प बसलो. ती सीडी अजून मिळेल का कुठे?

कॅसेट_गल्ली
माझ्याकडे दोन आहेत. त्याला विचारून सांगतो.

रिपीट_मोड
मी २००१ ला जन्मलेली आहे त्यामुळे तुमच्या नॉस्टॅल्जियात फार घुसत नाही, पण आता हे सगळं बदललंय का याचं उत्तर कुणी दिलं नाही म्हणून. २०१५ च्या जुलैपासून जगभर अल्बम शुक्रवारी येतात, आणि स्ट्रीमिंगमध्ये फळी रिकामी करायची भानगडच नाही, आज नाही ऐकलं तर पुढच्या महिन्यात ऐकाल. तरी तारखेची धास्ती गेलेली नाही. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा लेडी गागाने 'क्रोमॅटिका' १० एप्रिलवरून २९ मेला ढकलला, आणि दुआ लीपाचा अल्बम लीक झाला म्हणून तिने उलट आठवडाभर आधी २७ मार्चला काढला. नाचायच्या गाण्यांचा अल्बम आणि अख्खं जग घरात कोंडलेलं, याहून वाईट मुहूर्त काय असेल, पण लोक किचनमध्ये नाचले आणि अल्बम तुफान चालला. मी स्वतः कणकेच्या हातांनी नाचलेय.

शिवाय वाईट दिवस म्हणजे दर वेळी संकटच असतं असं नाही, कधी कधी समोरचा पैलवानच मोठा असतो. ११ सप्टेंबर २००७ ला, परत तीच तारीख आणि परत मंगळवार, कान्ये वेस्ट आणि फिफ्टी सेंटने मुद्दाम एकाच दिवशी अल्बम काढून कुस्ती लावली होती. कान्येचे साडेनऊ लाखांवर, फिफ्टीचे जवळजवळ सात लाख. त्या दिवशी केनी चेस्नीचाही अल्बम आला, पावणेचार लाखांच्या वर गेला, एरवी आरामात एक नंबर असता, तो तिसरा आला आणि बातमीतसुद्धा कुणी घेतला नाही.

आणि 'ग्लिटर'बद्दल, २०१८ च्या नोव्हेंबरात फॅन लोकांनी जस्टिस फॉर ग्लिटर असा हॅशटॅग चालवून अल्बम आयट्यून्सवर एक नंबरला नेला होता. सतरा वर्षांनी! तेव्हा तो स्ट्रीमिंगवर नव्हताच, म्हणून विकतच घ्यावा लागायचा, २०२० मध्ये आला. मी ऐकलाय, ऐंशीच्या दशकाची फंकी नक्कल आहे, २००१ मध्ये ती नक्कल कुणाला नको होती, आता सगळे तेच करतात. म्हणजे तारीख चुकली हे बरोबर, फक्त दिवसांनी नाही, वीसेक वर्षांनी चुकली असं माझं मत.

आकडेमोड
शेवटचं वाक्य आवडलं. अवांतर: विल्को या बँडचा 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट' पण आधी ११ सप्टेंबर २००१ लाच यायचा होता. कंपनीला अल्बम पसंत पडला नाही, काखोटीला मारून हे लोक बाहेर पडले, वेबसाइटवर फुकट ऐकवला, आणि २००२ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या कंपनीने काढला तेव्हा त्यांच्या तोवरच्या कुठल्याही अल्बमपेक्षा वर गेला. ती दुसरी कंपनी पहिलीचीच बहीण, एकाच मालकाची. म्हणजे मालकाने एका अल्बमचे पैसे दोनदा मोजले. कव्हरवर दोन उंच टॉवर आहेत, शिकागोचे. ठरल्या तारखेला आला असता तर त्या कव्हरचं काय झालं असतं?

माळ्यावरची_कॅसेट
सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. कॅसेट_गल्ली, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, ती काही बोलली नाही पण चहा न मागता मिळाला.

मी माझं मत अर्धं बदललंय. 'ग्लिटर'च्या बाबतीत आकडेमोड यांचं पटतं, तारीख हा शेवटचा धक्का होता, भिंत आधीच कललेली. पण ख्रिसमसचा अल्बम आणि ती पावसाची सीडी, तिथे दोष फक्त दिवसाचाच, हे मान्य करावं लागेल. कॅसेट कापसाने पुसून काल डेकमध्ये लावायचा प्रयत्न केला, दुसऱ्या गाण्यात टेप गुंडाळली गेली, पेन्सिल घालून परत फिरवतोय.

पैजेचा निकाल: मेहुण्याला धाग्याची लिंक पाठवली होती. त्याने सगळं सोडून फक्त मिनीताईंचा पितृपक्षवाला प्रतिसाद वाचला आणि मेसेज टाकला, बघ मी म्हणत होतो ना, शनिवारी अकराला मामलेदारला ये, पाकीट घेऊन.